देवी मीटर बघते की रस्ता

२१ नोव्हेंबर

काल मेलो नाही, म्हणून आज लिहितो आहे. डायरी गेल्या सालची आहे. ज्या कंपनीची माणसं मी शिफ्टला नेतो-आणतो, तिथल्या साहेबांनी दिली होती, कोरीच पडली होती. वार चुकतील. चुकू देत, मला कुठे ती कोर्टात दाखवायची आहे!

तलासरीचं लग्न उरकून मी आणि पुष्पलता परत येत होतो. चारोटीच्या अलीकडे पुढे एक टँकर चालला होता, नव्या नवरीच्या चालीने. मी म्हटलं, काढू पुढे. काढायला गेलो आणि गाडीने स्वतःभोवती एक गिरकी घेतली. थांबली तेव्हा आमचं तोंड परत तलासरीकडे, आणि टँकर हॉर्न वाजवत शेजारून निघून गेला. गाडीला ओरखडा नाही, आम्हाला खरचटलं नाही. टायर घासून गुळगुळीत झाले होते हे खरं, पण ते मी पुष्पाला सांगितलेलं नाही.

समोर विवळवेढ्याचा डोंगर दिसत होता. पुष्पाने महालक्ष्मीला हात जोडले. ओठ हलत होते, बराच वेळ काहीतरी बोलत होती. मग डोळे पुसून मला म्हणाली, "नवस केलाय. गाडीला सुखरूप एक लाख पुरे होऊ देत. तोवर मासली बंद."

मी म्हणालो, "बरं."

दुसरं काय म्हणणार? त्या वेळी तिने भात बंद म्हटलं असतं तरी मी बरंच म्हणालो असतो.

घरी येऊन मीटर बघितला. एकोणनव्वद हजार! म्हणजे अजून अकरा हजार किलोमीटर मासळी नाही. अरे, मी मांगेला आहे, जातीचा मासेमार. आमच्याकडे माणूस आजारी पडला तर त्याला बोंबलाचं पाणी पाजून उठवतात. नवस बायकोचा आणि तोंड नवऱ्याचं बांधायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

पण पुष्पासमोर ब्र काढायचा नाही असं ठरवलं आहे. तो टँकर अजून तिच्या डोळ्यांसमोर आहे. काय ते इथे लिहीन.

२३ नोव्हेंबर

पुष्पाने आणखी एक अट घातली. गावात काटा पन्नासच्या वर नाही, हायवेला ऐंशीच्या वर नाही. "वर गेला तर मी चालत्या गाडीतून उडी मारीन," म्हणाली. मी म्हटलं, तू रोज कुठे गाडीत असतेस? तर म्हणाली, "देवी असते."

बोईसरला धीरजच्या दुकानात टायर बदलले. धीरज माझा शाळेतला दोस्त, टायरवाला. त्याच्याकडे मोठ्या गाडीचे चार टायर पडून होते, जवळजवळ नवे. म्हणाला, "विश्राम, हे लाव. गाडी उचलून येईल, खड्ड्यांत बसणार नाय." लावले. गाडी अशी ऐटीत उभी राहिली की मीच दोनदा वळून बघितलं. तो मापाबद्दल काहीतरी पुटपुटला खरा, पण बाजूला कंप्रेसर चालू होता.

३० नोव्हेंबर

गाडीत शिरायला आता चढावं लागतं. सालवडची हेमाली, औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे, ती म्हणाली, "काका, शिडी ठेवा की." तिच्याच शिफ्टचा चौबे मात्र खूश आहे. "चाचा, अब लग रहा है गाड़ी में बैठे हैं."

आमच्या पारूआत्याने, म्हणजे माझ्या बापाच्या बहिणीने, कोंबडीचा सल्ला दिला. "कोंबडी खा रे इश्राम, कोंबडी चालते." कोंबडी ही काय खायची वस्तू आहे? पेंढा चावल्यासारखं लागतं. आत्या शेजारच्या खोलीत राहते आणि जेवायला आमच्याकडे असते. तिला नवस लागू नाही. त्यामुळे घरात मासळी रोज शिजते, वास रोज येतो, आणि मी डाळीत भात कालवून भिंतीकडे तोंड करून बसतो.

पुष्पा आम्हाला दोघांना वाढते आणि मग मागच्या पडवीत एकटी जेवते. माझ्यासमोर खायला लाजत असेल. लाजायलाच पाहिजे.

८ डिसेंबर

चमत्कार आहे! नवस केल्यापासून मी सगळीकडे लवकर पोचतो. काटा पन्नासला धरून चालवतो, एक रेघ वर जाऊ देत नाही, तरी कंपनीच्या गेटवर दहा मिनिटं आधी हजर. पूर्वी मला हॉर्न मारून पुढे जाणारे रिक्षावाले आता मागे राहतात. रस्ता तोच, खड्डे तेच. चौबे दाराला धरून बसतो आणि हनुमान चालिसा म्हणतो, मी म्हटलं भक्तिभाव चांगला. पुष्पाला सांगितलं तर तिने देव्हाऱ्याकडे हात जोडले. म्हणाली, "हळू चालवनाऱ्याला देवी पुढं नेते."

१९ डिसेंबर

ओले बोंबील आले. आत्याने चार ताटं... नाही, मोजणार नाही, त्रास होतो. आत्या जेवताना कुरकुरत होती. "पुष्पा, कालवन खारट झालाय. काल अळनी होता. चव घेतेस का नाय?" पुष्पाने तिला आणखी भात वाढला. वय झालं तिचं, अंदाज चुकतो. मला आतून जरा बरं वाटलं. आपण खात नाही तेव्हा कालवण बिघडलेलंच बरं.

२६ डिसेंबर

साहेबांना विमानतळावर सोडायला हायवेने गेलो. काटा एकोणऐंशी. साहेब म्हणाले, "विश्राम, जरा हळू." मी काटा दाखवला. साहेब चष्मा पुसून परत बघायला लागले.

आजकाल पुष्पा बाजारात सुकी मासळी विकून येते ती दमून येते. गालफडं बसली आहेत. म्हटलं डॉक्टरकडे जा, तर म्हणाली, लाख झाले की जाईन. गाडीच्या लाखाचा आणि हिच्या गालांचा काय संबंध, बाई!

७ जानेवारी

आगच लागली डोक्यात. मोबाईलवर चलन आलं. हायवेच्या कॅमेऱ्याने मला पंच्याऐंशीला पकडलं म्हणे. पंच्याऐंशी! देवीची शपथ, काटा ऐंशीला शिवलासुद्धा नव्हता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

पुष्पाने चलन बघितलं. पदराने डोळे टिपत आत गेली. मी मागून ओरडलो, "अगं, काटा बघत होतो मी!" आतून आवाज आला, "टँकरच्या वेळी पन काटा बघत होतात का?"

८ जानेवारी

धीरजकडे गेलो. त्याला चलन दाखवलं, तर हा माणूस हसून हसून टायरांच्या ढिगावर बसला.

"अरे, तुला तवाच बोललो होतो, माप मोठं हाय. काटा कमी दाखवनार."

"टायर मोठा झाला तर काटा कसा कमी दाखवेल? मोठा झाला तर जास्त दाखवायला नको?"

धीरजने मला फूटपाथवर उभं केलं. म्हणाला, "तू इथून नाक्यापर्यंत शंभर पावलांत गेलास. लहान पोर गेलं तर त्याला दीडशे लागतील. बरोबर? रस्ता तेवढाच हाय. आता गाडी काय करते, रस्ता मोजत नाय, पावलं मोजते. चाकाच्या फेऱ्या मोजते. चाक मोठं झालं, फेऱ्या कमी झाल्या, गाडीला वाटलं आपन हळू चाललोय. तू काट्यावर पन्नास बघतोस तवा खरा चौपन्नने पळतोस."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. चलनाने नाही.

"धीरज," मी म्हणालो, "मग किलोमीटरचा मीटर?"

"तो पन कमीच. मीटरने पाच हजार दाखवले असतील तर तुजे खरे पाच हजार चारशे झालेत."

चारशे किलोमीटर! चारशे किलोमीटरची मासळी मेली माझी!

१० जानेवारी

दोन दिवस डोक्यात एकच किडा. देवी मीटर बघते की रस्ता? रस्ता बघत असेल तर ते चारशे माझ्या खात्यात आले. पण पुष्पाला काय सांगू? मोठे टायर लावून तुझी अट मोडत होतो आणि वर सूट मागतो आहे, असं?

आत्याला नुसतंच विचारल्यासारखं विचारलं. नवसाच्या बाबतीत आमचं आख्खं आलेवाडी गाव तिचा शब्द मानतं. बोंबील उलटवत म्हणाली, "इश्राम, देवी काय रस्त्यावर टेप घेऊन बसलेली नाय. पुष्पा लाख बोलली ना? लाख दिसतात कुठं? मीटरात. मग मीटर."

म्हणजे चारशे गेले. पण जरा थांबा. देवी जर मीटरच बघते, तर मग लहान टायर लावले तर? लहान चाक, जास्त फेऱ्या, मीटर पुढे! आत्याचाच न्याय! माझं मला हसू आलं. एवढी अक्कल असून मी ड्रायव्हर कसा राहिलो?

होळीच्या आत लाख झालेच पाहिजेत. होळीला मांगेल्याच्या ताटात पापलेट नाही म्हणजे काय?

११ जानेवारी

धीरजने डोकं धरलं. "लोकं मीटर मागं करून घेतात रे. पुढं करायला आलेला तू पयला." पण टायर लावले. गाडी खुडूक कोंबडीसारखी बसली. मीटर चौऱ्याण्णव हजार.

पुष्पाला सांगितलं, काट्याची चूक होती, धीरजने टायर बदलून दिले. खोटं नाही हे. तिने गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "बुटकी झाली. पन बरं झालं, बुटक्याला पळता येत नाय."

२ फेब्रुवारी

मीटर झकास पळतो आहे. बाकी सगळं बोंबललं आहे. काटा पन्नासला असला तरी गाडी सायकलवाल्यांशी गप्पा मारत चालल्यासारखी वाटते. काटा पन्नासच्या वर न्यायचा नाही हा शब्द दिलेला. धीरज म्हणतो, खरा वेग शेहेचाळीसच असतो, जरा वर ने. कसा नेऊ? काटा देवी बघते. तिला कसं सांगू की मीटर बघ पण काटा बघू नको?

प्रत्येक गतिरोधकावर पोट घासतं. आता पद्धत पडली आहे, गतिरोधक आला की सगळे उतरतात, मी रिकामी गाडी पलीकडे नेतो, सगळे परत बसतात. चौबे विचारतो, "चाचा, गाड़ी बैठ गई है कि हम लोग मोटे हो गए?" हेमालीला दोनदा उशिराचा शेरा मिळाला. आज ती उतरली आणि चालत पुढे निघाली. आणि, लाज वाटते लिहायला, गेटवर माझ्या आधी पोचली.

२० फेब्रुवारी

आत्या आज ओरडली. "अगं, मीठ मेलं का घरातलं?" पुष्पा म्हणाली, अंदाजाने टाकते. मी विचारलं, तुला चव नाही का कळत हल्ली? तर माझ्याकडे अशी हसून बघायला लागली जणू आमच्या दोघांचं काही गुपित आहे. माझ्या डाळीवर जास्तीचं तूप घातलं. हे काय लक्षण? काल रस्त्यात मुद्दाम मला मोगऱ्याचा गजरा घ्यायला लावला, लग्नानंतर पहिल्यांदा. बाईच्या मनाचा काटा कुठल्या मापाचा असतो कोण जाणे.

११ मार्च

नव्व्याण्णव हजार आठशे! झोपेत मला सरंग्याचं कालवण दिसलं. नुसतं दिसलं नाही, माझ्याशी बोललं.

१३ मार्च, होळी

सगळं लिहितो. होळी पेटायच्या आत लिहून झालं पाहिजे, का, ते शेवटी सांगतो.

सकाळच्या शिफ्टला नवापूर रस्त्यावर मीटर फिरला. एक लाख. मी गाडी थांबवली. चौबेने नारळ फोडला, हेमालीने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना उशीर झाला. मी घरी पुष्पाला फोन केला. तिकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

दुपारी घरी आलो तर आळीच्या तोंडाशीच वास. पापलेट तळलेलं, बोंबील तळलेले, सरंग्याचं कालवण, तांदळाची भाकरी. आत्या ताटावर बसूनच होती. आणि पुष्पाने आज स्वतःचं ताटही माझ्या शेजारी मांडलं. मी म्हटलं, तू कशी काय आज आमच्याबरोबर? म्हणाली, "मी पन आजच खातेय ना. चारोटीपासून."

मी भाकरी हातात धरून तसाच राहिलो.

"तू? तू पण नाही खाल्लीस?"

"नवसच तसा हाय," ती म्हणाली. मग डोळे मिटून हात जोडले. "आई, तू माज्या मानसाला लाख किलोमीटर सुखरूप आनलास. एक पाऊल कमी नाय. नवसाला जागले." आणि पापलेटाचा तुकडा मोडून तोंडाकडे नेला.

एक पाऊल कमी नाही! माझ्या डोळ्यांसमोर ते लहान लहान टायर भराभरा फिरायला लागले. ही बाई चार महिने मीठ न चाखता शिजवत होती, गाल बसले हिचे, आणि मी हिच्या नवसात लांडीलबाडी करून ठेवली होती. तो घास गेला असता तर नवस मोडला असता, आणि तो मी मोडला असता, तिच्या हातून.

"थांब!" मी तिचा हात धरला. "मीटर खोटं बोलतो!"

मग सगळं ओकलो. मोठे टायर, चलन, लहान टायर, सगळं. आत्याचा न्यायसुद्धा. आत्या उसळली, "मेल्या, मीटर म्हंजे रस्ताच ना! तुजा मीटर रस्ता सोडून पळतो हे मला काय म्हाईत?" बोलताना तोंडातला बोंबील मात्र तिने टाकला नाही.

पुष्पाने तुकडा ताटात ठेवला. खूप हळू विचारलं, "किती कमी पडले?"

धीरजला फोन लावला. त्याने हिशेब केला. मोठ्या टायरवर चारशे जास्त झाले होते. लहान टायरवर मीटरने सहा हजार दाखवले, त्यात चारशे वीस खोटे.

"म्हंजे वीस राहिले," धीरज म्हणाला.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! मला वाटलं पुष्पा आता ताट भिरकावणार. ती उठली, पदर खोचला, कालवणाच्या टोपावर झाकण घातलं आणि म्हणाली, "चला."

धीरज टेम्पोत मापाचे टायर घालून आला. एक ताट त्याला कबूल करावं लागलं. टायर चढले, गाडी परत माणसात आली. आत्या मागच्या सीटवर, मांडीवर टोप. पुढे पुष्पा, हातात भाकऱ्यांचा डबा, नजर काट्यावर. पन्नास. खरे पन्नास.

बोईसर मागे पडल्यावर पुष्पा म्हणाली, "एक विचारू? रागवू नका."

"विचार."

"नवस तर मी माजाच बोलले होते. मी मासली सोडीन, असा. तुमचं नावसुदा नाय घेतलं. तुमी नुसतं 'बरं' बोललात, आनि दुसऱ्या दिवसापासून ताटातली मासली बाजूला केलीत. मी काय बोलले नाय. मनात म्हटलं, लग्नाला एवडी वर्सं झाली, कदी गोड शब्द नाय बोलला हा मानूस. पन मला एकटीला उपाशी बसू देत नाय." बाहेर बघत पुढे म्हणाली, "माज्या संगतीलाच सोडलीत ना?"

गाडी सरळ ठेवणं कठीण गेलं मला. चार महिने! चार महिने मी फुकट डाळ खाल्ली! कोणी सांगितलंच नव्हतं! मनात एकदम सगळे बोंबील उड्या मारून गेले, आलेले, शिजलेले, आत्याच्या पोटात गेलेले. आणि बाजूला ही, गालफडं बसलेली, केसांत मोगरा माळून, माझ्याकडे बघत होती.

"हो गं," मी म्हणालो. "संगतीलाच."

ती रडायला लागली. मीही. रस्ता दिसेना म्हणून काटा चाळिसावर आणला.

"आत्या," मी मागे बघून ओरडलो, "तुला ठाऊक होतं ही खात नाही ते?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"का बोलू? दोगांची मासली मलाच गावत होती."

कोळगावला जिल्ह्याच्या मोठ्या कचेरीसमोर आलो आणि मीटरवर वीस लागले. बरोबर गेटसमोर. मी बाजूला गाडी लावली. खाली चादर टाकून टोप उघडला. पुष्पाने डोंगराच्या दिशेला हात जोडले आणि पहिला घास घेतला. चावला, थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"अळनी झालाय," ती म्हणाली, आणि हसायला लागली. चार महिन्यांनी चव घेतली होती तिने. कचेरीचा पहारेकरी शिट्टी वाजवत आला, काय चाललंय इथे म्हणून. आत्याने त्याला बोंबील दिला आणि त्याच्याकडून मीठ आणवलं.

आता घरी आलो आहे. बाहेर पोरं होळी रचत आहेत, पुष्पा हाका मारते आहे. ही डायरी तिच्या हाती लागली तर काय होईल ते महालक्ष्मीच जाणे. तेव्हा ही आज होळीत जाणार. पहिल्या पानावरची एक ओळ तेवढी फाडून पाकिटात ठेवतो. त्यात मी "बरं" म्हणालो आहे, तेवढं खरं आहे.